स्टेनोबाई आणि निळी स्क्रीन

स्टेनोबाई आयुष्यात दोनदाच घाबरल्या, असं त्यांचा नवरा सांगत असतो. एकदा लग्नात आणि एकदा त्या डोंगलने लॅपटॉप निळा पाडला तेव्हा. यातलं पहिलं साफ खोटं आहे. लग्नात पाचावर धारण बसली होती ती त्याची. दुसरं मात्र खरं, आणि ते त्याच्यावर सोपवलं तर तो त्याचा विनोद करून टाकील, म्हणून नीटच सांगायला हवं.

स्टेनोबाई म्हणजे एकतीस वर्षं कोर्टात लघुलेखन केलेल्या बाई. साक्षीदार रडत बोलो, वकील तोंडात लाह्या फुटल्यासारखा बोलो, बाईंच्या कागदावर सगळं उतरायचं. मग कोर्टात रेकॉर्डिंगची यंत्रं आली आणि बाईंना निवृत्त करण्यात आलं. निरोप समारंभात साहेब भाषणाला उभे राहिले, तर ह्या बाईंनी सवयीने पर्समधून पेन्सिल काढली आणि स्वतःच्याच निरोपाचं भाषण अक्षर न् अक्षर उतरवून घेतलं. ‘यांची उणीव कायम भासेल’ हे वाक्यसुद्धा. दुसऱ्या दिवसापासून कुणालाही उणीव भासली नाही, ते सोडा.

तीन महिने घरात बसून बाईंनी नवऱ्याचं डोकं खाल्लं. मग एका संस्थेने त्यांना काम दिलं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी समोरचा बोलेल ते तिथल्या तिथे टाइप करायचं. तिकडे वर्गात मास्तर बोलतात, इकडे घरी लॅपटॉपवर बाई ऐकतात आणि टाइप करतात, तिकडे मुलाच्या स्क्रीनवर अक्षरं उमटतात. मधे फक्त इंटरनेट. बाईंचा हात असा काही बसला की काही विचारू नका. एका जुन्या टायपिंग प्रोग्रॅममध्ये त्यांनी स्वतःचे चार हजारांवर संक्षेप भरून ठेवले होते. दोन अक्षरं दाबली की अख्खं वाक्य उभं राहायचं. तो प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती आणि नव्या कुठल्याही मशीनवर तो चढत नव्हता. म्हणजे बाईंचे हात त्या एका जुनाट लॅपटॉपमध्ये अडकलेले होते म्हणा ना.

आणि बाई ज्यांच्यासाठी टाइप करायच्या त्यांत एक मुलगी होती. वय एकवीस. अकराव्या वर्षी तापात तिचे कान गेले. बोलायची ती, शब्द जरा घरंगळलेले यायचे, पण दोन दिवसांत समोरच्याला सवय व्हायची. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं म्हणून ती शिकत होती. लेखी परीक्षेत पहिली आलेली, तोंडी परीक्षेत नापास. का? तर त्या वेळी तिला माणूस न देता आपोआप अक्षरं काढणारं काहीतरी दिलं होतं. परीक्षक विचारत होते एक, स्क्रीनवर उमटत होतं भलतंच. पोरीने तीन वेळा ‘प्रश्न कळला नाही’ म्हटलं, तर परीक्षकांनी शेरा मारला, ‘आकलन कमी’. आता दुसरी संधी होती, आणि नियमाप्रमाणे शेवटची. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता, व्हिडिओवर.

“मावशी, या वेळी तुम्ही आहात ना?” असं तिने दहा वेळा लिहून विचारलं होतं. बाईंनी दहाही वेळा ‘आहे’ म्हणून लिहिलं होतं.

त्याच्या आदल्या आठवड्यात लॅपटॉपचं आतलं वायफाय गेलं. अगदी गेलं, वर पोचलं. गल्लीच्या तोंडाशी दुरुस्तीवाल्याचं दुकान होतं, पन्नाशीचा, तुसडा माणूस, पण हात सोन्याचा. त्याने पाहून सांगितलं, “आतलं कार्ड मेलं. बोर्डावरच बसवलंय, निघायचं नाही. बाहेरून वायफाय पकडणारं डोंगल लावा.” इंटरनेटच्या केबलचं भोक होतं, पण मागे एकदा बाईंच्या नवऱ्याने दात कोरायच्या काडीने त्यातली धूळ काढायला जाऊन काडी आतच मोडली होती आणि पिना वाकवून ठेवल्या होत्या. मोबाइलची रेंज त्यांच्या घरात जिन्यापर्यंत यायची आणि उंबऱ्यावरून परत जायची. तेव्हा डोंगल. बोटाच्या पेराएवढं, काळं, टोकाला हिरवा दिवा. बाईंनी ते घरी आणलं, डबीतली बारीक अक्षरातली चिठ्ठी चष्मा लावून दोनदा वाचली आणि तिच्या बरहुकूम ते जोडलं.

पहिल्याच दिवशी मुलीचा सरावाचा वर्ग चालू असताना, बाई भरधाव टाइप करत असताना, स्क्रीन निळी झाली. अख्खी. वर एक रडकं तोंड आणि खाली इंग्रजीतल्या दोन ओळी. मग काळोख, मग लॅपटॉप आपला आपणच पुन्हा सुरू होऊ लागला, जसं काही झालंच नाही.

पाच मिनिटांनी बाई परत वर्गात शिरल्या तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. त्यांनी घाईने लिहिलं, ‘माफ कर गं, लॅपटॉप बंद पडला. कुठपर्यंत आलं होतं?’

मुलीने लिहिलं, ‘बंद पडला होता? मला वाटलं सर बोलायचे थांबलेत.’

हे वाचलं आणि बाईंच्या काळजात चर्र झालं. इतके दिवस हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. टीव्हीचा आवाज गेला की आपल्याला कळतं, आवाज गेला. पण त्या पोरीला अक्षरं थांबली की वाटायचं, जग गप्प झालंय. ती शांतपणे बसून राहायची. उद्या परीक्षक प्रश्न विचारतील, विचारत राहतील, आणि ही समोर हसून बसलेली असेल, कुणी काही बोलतच नाहीये म्हणून! त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही.

सोमवारी त्या लॅपटॉप काखोटीला मारून दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्याने जुनं काहीतरी काढलं, नवं काहीतरी बसवलं, तासभर त्यावर व्हिडिओ लावून ठेवला. निळी सोडा, स्क्रीन पिवळीही झाली नाही. “घ्या,” तो म्हणाला. “खणखणीत.”

मंगळवारी सकाळी घरी, बाराव्या मिनिटाला, निळी.

बाई पुन्हा दुकानात. “दुकानात चालतंय हो,” दुरुस्तीवाला म्हणाला. पुन्हा काढलं, बसवलं, या वेळी दोन तास चालवलं. चाललं. बाई घरी आल्या. बुधवारी सकाळी सातव्या मिनिटाला निळी.

आता भीती म्हणजे काय चीज असते ते सांगते ऐका. भीती आली की माणूस शहाणपण करायला लागतं. बाईंनी लॅपटॉपखाली पाट ठेवला, गरम होत असेल म्हणून. नंतर पाट काढला, हलत असेल म्हणून. डोंगल डावीकडून काढून उजवीकडे लावलं. राउटर फडताळावरून उतरवून खुर्चीवर बसवला, अगदी पाहुण्यासारखा. नवऱ्याला मोबाइल घेऊन जिन्यात बसायला लावलं, त्याच्या मोबाइलच्या लहरी आड येत असतील म्हणून.

“लहरी माझ्या मोबाइलला नाहीत, घरात दुसऱ्याच कुणाला आहेत,” नवरा जिन्यातून म्हणाला.

“जिवावर बेतलंय आणि तुम्हाला थट्टा सुचतेय!”

“कुणाच्या जिवावर?”

बाईंनी राउटरची खुर्ची उगाच जरा भिंतीकडे सरकवली. मग म्हणाल्या, “त्या पोरीच्या.” आणि त्यांचा आवाज असा चिरकला की नवरा निमूट आत आला आणि राउटरच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. परीक्षेला दोन दिवस उरले होते. संस्थेला फोन करून दुसरं कुणीतरी माणूस मागावं, असा विचार बाईंनी केला नाही असं नाही. जिन्यात जाऊन फोन केलाही. संस्थेची बाई म्हणाली, शुक्रवारी दुसरं कुणीच मोकळं नाही. तुम्हाला जमत नसेल तर आपोआप अक्षरं काढणारं ते देऊ.

“नको! ते नको!” बाई इतक्या जोरात ओरडल्या की शेजारीण दारात येऊन डोकावून गेली.

तेव्हा बुधवारी दुपारी त्या तिसऱ्यांदा दुकानात गेल्या. या वेळी भांडायला. कोर्टात एकतीस वर्षं काढली तरी बाईंना भांडता येत नाही, त्यांना फक्त दुसऱ्यांची भांडणं उतरवून घेता येतात. त्यामुळे त्या म्हणाल्या काय, तर, “तुम्ही नीट करत नाही आहात असं माझं म्हणणं आहे.”

दुरुस्तीवाल्याचं डोकं फिरलं. “माझ्याकडे दोन-दोन तास चालतंय आणि तुमच्याकडे सात मिनिटं नाही! मग बिघाड कुठे आहे सांगा? नाचता येईना अंगण वाकडं! तुम्ही घरी नेऊन त्याला काय करता ते तरी कळू दे!”

“मी काय करणार? हे घ्या, लिहिलंय सगळं,” म्हणत बाईंनी पर्समधून वही काढून काउंटरवर आपटली.

आता ही वही म्हणजे बाईंची जन्माची खोड. जे घडेल ते लिहायचं, घडलं त्या क्रमाने, आपल्या पदरचं काही न घालता. डोंगल आल्या दिवसापासून सगळं त्यात होतं. अर्थात लघुलिपीत. दुरुस्तीवाल्याने वही उघडली, आडवी धरली, उलटी धरली. “हे काय, मुंग्या चालल्यात का?”

“मी वाचते,” बाई म्हणाल्या आणि साक्ष वाचून दाखवतात तशा सरळ उभ्या राहून वाचू लागल्या. “मंगळवार. नऊ वाजून चाळीस मिनिटं. डबीतून डोंगल काढले. फडक्याने पुसले. डाव्या बाजूस जोडले. दिवा लागला. पडद्यावर चौकट आली, सॉफ्टवेअर बसवा. बसवले. नऊ एक्कावन्न, वर्ग सुरू. दहा वाजून तीन मिनिटं, स्क्रीन निळी. बुधवार. नऊ पस्तीस. डबीतून डोंगल काढले. फडक्याने पुसले. जोडले. दिवा लागला. चौकट आली, सॉफ्टवेअर बसवा. बसवले. नऊ पंचेचाळीस...”

“थांबा,” दुरुस्तीवाला म्हणाला.

बाई थांबल्या.

“बसवले म्हणजे? तुम्ही बसवलंत? रोज?”

“म्हणजे काय! रोज. डबीतल्या चिठ्ठीत लिहिलंय, डोंगल जोडल्यावर प्रथम सॉफ्टवेअर बसवावे. मी काम झालं की काढून डबीत ठेवते, सकाळी जोडते. जोडल्यावर प्रथम बसवते.”

दुरुस्तीवाल्याने कपाळावर हात मारला. मग दुसराही मारला. त्याला हसावं की रडावं कळेना. झालं होतं ते असं. त्या डोंगलच्या पोटातच त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर होतं, आणि बाईंच्या जुन्या लॅपटॉपला ते मुळीच मानवत नव्हतं. दुरुस्तीवाला रोज ते उपटून काढायचा आणि लॅपटॉपचं आपलं, मानवणारं, बसवून द्यायचा. दुकानात चालायचं. आणि बाई रोज सकाळी, अंघोळ करून, डोंगल पुसून, चिठ्ठीला स्मरून, ते उपटलेलं पुन्हा लावायच्या. एकाने शिवायचं, दुसऱ्याने उसवायचं, आणि दोघं मिळून कापडाला शिव्या!

“पण लिहिलंय ना तसं,” बाई पडेल आवाजात म्हणाल्या. एकतीस वर्षं ज्या बाईने लिहिलेलं ते प्रमाण मानलं, तिला कुणी तुसड्याने सांगावं की लिहिलेलं प्रत्येक वेळी करायचं नसतं, हे सोपं नव्हतं.

“एकदा! एकदाच करायचं असतं ते! आणि तुमच्या मशीनवर तर एकदाही नाही!” पण बाईंचा चेहरा पाहून तोही जरा निवळला. “चूक माझीही आहे. विचारायला हवं होतं मी. पण ताई, लोक सांगितलेलं करत नाहीत ही माझी रोजची रड आहे. सांगितलेलं इतकं करणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा पाहतोय.”

त्याने सगळं परत काढलं. ती चौकट पुन्हा येणारच नाही अशी तजवीज केली. लॅपटॉप वीज वाचवायला मधेच डोंगलला झोपवायचा, तेही बंद करून टाकलं. आणि डोंगल लावलेलंच ठेवून बाईंच्या हातात लॅपटॉप देताना दम भरला, “आता याला हात लावायचा नाही. पुसायचंसुद्धा नाही. परीक्षा होईपर्यंत तुम्ही याला ओळखत नाही.”

गुरुवारी सराव झाला. पूर्ण पाऊण तास. हिरवा दिवा लुकलुकत राहिला, स्क्रीन जागची हलली नाही. मुलीने शेवटी हसरे चेहरे पाठवले, रांगेने सात-आठ. कुणाही शहाण्या माणसाने या ठिकाणी सुटकेचा श्वास टाकला असता.

बाईंची भीती मात्र कमी व्हायच्या ऐवजी वाढली. यंत्र बिघडलेलं असताना निदान माहीत होतं की ते बिघडणार. आता ते चालतंय म्हणजे केव्हाही बिघडेल! दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला ताक फुंकून प्यायची तरी सोय असते, बाईंना तर फुंकायचीही बंदी होती. त्या येता-जाता त्या हिरव्या दिव्याकडे बघत होत्या. भाजी चिरताना स्वयंपाकघराच्या दारातून मान वाकडी करून बघत होत्या. नवरा म्हणाला, “इतकं जर कधी माझ्याकडे पाहिलं असतंस!” त्यावर बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो बाजारात निघून गेला.

शुक्रवारी सकाळी बाई साडेनवालाच टेबलाशी बसल्या. नवऱ्याने कुणी सांगितलं नसताना दारावरच्या घंटीची वायर काढून ठेवली आणि जिन्यात स्टूल टाकून बसला, वर येणाऱ्याला पायऱ्यांवरच थोपवायला. थट्टेखोर असला तरी मनाचा चांगला आहे हो तो.

अकराला दोन मिनिटं असताना स्क्रीनवर चौघं आली. त्यांत दोघं परीक्षक: एक वयस्कर बाई आणि एक गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेले गृहस्थ. तिसऱ्या चौकटीत मुलगी, केस घट्ट बांधलेले, ओठ कोरडे. तिच्या मागे पलंगाच्या कडेला तिची आई बसलेली, हात मांडीत आवळून. चौथ्या चौकटीत स्टेनोबाई. वयस्कर परीक्षकबाईंनी नियम वाचून दाखवले आणि बाईंनी ते टाइप केले. प्रत्येक प्रश्नाला दोन मिनिटं. टाइप करणाऱ्या व्यक्तीने परीक्षेदरम्यान बोलू नये. बोलल्यास ती मदत समजून परीक्षा रद्द करण्यात येईल. बाईंची बोटं हे टाइप करताना गार पडली होती, पण चुकली नाहीत.

पहिला प्रश्न. अक्षरं उमटली. मुलीने उत्तर दिलं. दुसरा. तिने दिलं. रक्त गोठू नये म्हणून कुठल्या रंगाच्या झाकणाच्या नळीत काय असतं, ते पोरीने असं घडाघडा सांगितलं की पट्टेवाले गृहस्थ मान डोलावू लागले. घड्याळात अकरा वाजून सात मिनिटं झाली.

सातवं मिनिट. बाईंच्या मनात ते नको तिथे आलंच. बुधवारी सातव्या मिनिटालाच झालं होतं. आणि त्यांची नजर, नको नको म्हणत असताना, डोंगलकडे गेली.

दिवा लुकलुकत नव्हता. तो स्थिर जळत होता.

गेलं. आता निळी. आता. बाई त्या हिरव्या टिंबाकडे बघत राहिल्या, कानात नुसता घूं आवाज भरला. एक, दोन, तीन, चार... मग दिवा पुन्हा लुकलुकू लागला, आपला सहज, जसा सकाळपासून दहादा थांबून लुकलुकला असेल. स्क्रीन होती तशीच होती. काहीही झालं नव्हतं.

काहीही झालं नव्हतं असं बाईंना वाटलं. मग त्यांनी पडद्यावर पाहिलं. परीक्षकबाई वाट पाहत होत्या. मुलगी वाट पाहत होती. दोघी एकमेकींकडे बघत होत्या. आणि बाईंच्या लक्षात आलं की प्रश्न विचारून झालाय. त्यांच्या कानांवरून तो गेला आणि त्यांनी तो ऐकलाच नाही. लॅपटॉप बंद पडला नव्हता. त्या बंद पडल्या होत्या.

मुलगी हलकंसं हसून बसली होती, पुढचा प्रश्न यायचाय म्हणून.

लिहायचं काय? काय विचारलं तेच माहीत नाही. मुलीला लिहून कळवावं, ‘प्रश्न सुटला, परत विचारायला सांग’? म्हणजे पोरीने पुन्हा ‘प्रश्न कळला नाही’ म्हणायचं, आणि त्यांनी पुन्हा तोच शेरा मारायचा! मिनिट गेलं. सव्वा मिनिट. पट्टेवाल्या गृहस्थांनी कागदावर काहीतरी लिहिलं. परीक्षकबाई म्हणाल्या, “उत्तर माहीत नसेल तर पुढे जाऊ.” आणि बाईंच्या बोटांनी, एकतीस वर्षांच्या सवयीने, ते वाक्य तेवढं इमानेइतबारे टाइप केलं.

मुलीचं हसू गेलं. तिने ते वाचलं, परत वाचलं. कसलं उत्तर? तिने तोंड उघडलं आणि मिटलं. ती घाबरली होती. तिची भीती बाईंना लख्ख दिसली, कारण त्या आठवडाभर तीच भीती उराशी घेऊन बसल्या होत्या.

बाईंनी माइक उघडला. बटण दोनदा चुकलं.

“बाई, थांबा. परीक्षा रद्द करायची तर करा, पण आधी ऐका. प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही. तुम्ही विचारलात, तिला दिसला नाही. मी टाइप केला नाही. माझं लक्ष उडालं. मी घाबरले होते. चूक माझी आहे, तिची नाही. तिला येत नाही असं लिहू नका. तिला सगळं येतं. तिला विचारा तरी!”

परीक्षकबाईंनी चष्मा काढला. पट्टेवाले गृहस्थ म्हणाले, “नियमात बसत नाही हे.” त्या म्हणाल्या, “प्रश्न न विचारता शून्य देणं तरी कुठल्या नियमात बसतं?” मग कॅमेऱ्याकडे पाहून, “तुम्ही बोललात याची मी नोंद करतेय. पुन्हा बोललात तर थांबवावं लागेल. प्रश्न परत विचारते.”

आणि त्यांनी विचारलं. “रक्त घेतल्यावर नळी कशी हलवायची, आणि का?”

अक्षरं उमटली. मुलीने वाचलं आणि एवढा मोठा श्वास घेतला की खांदे वर आले. “हलवायची नाही,” ती म्हणाली. “हळू उलटी करायची, सुलटी करायची. सात-आठ वेळा. जोरात हलवली तर पेशी फुटतात, नमुना वाया जातो, आणि पेशंटला परत टोचावं लागतं.”

त्यानंतर अकरा प्रश्न झाले. बाईंनी डोंगलकडे एकदाही पाहिलं नाही. ते जळालं असतं तरी त्यांना कळलं नसतं.

पावणेबाराला परीक्षक ‘दहा मिनिटं थांबा’ म्हणून गेले. त्यांच्या चौकटी काळ्या झाल्या. मुलगी तशीच बसून राहिली. मग तिने लिहिलं, ‘मावशी, मघाशी तुम्ही बोललात. तुमचे ओठ हलले. सगळे तुमच्याकडे बघत होते. काय म्हणालात?’

बाई स्क्रीनकडे बघत राहिल्या. जिच्यासाठी बोलल्या, तिच्यापुरतंच ते बोलणं राहून गेलं होतं. त्यांनी सगळं टाइप केलं, म्हणाल्या होत्या तसं, एक शब्द कमी नाही. ‘मी घाबरले होते’ हेसुद्धा.

मुलीने ते शेवटपर्यंत वाचलं. मग लिहिलं, ‘मला सगळं सांगत जा. जे जे ऐकू येईल ते. वाईट असलं तरी.’

‘सांगेन,’ बाईंनी लिहिलं.

दहाची वीस मिनिटं झाली तेव्हा चौकटी उजळल्या. परीक्षकबाईंनी कागद पुढे ओढला, घसा साफ केला आणि बोलू लागल्या. बाईंना ते ऐकू आलं, तिकडे पलंगावर बसलेल्या आईला ऐकू आलं, आणि मुलीला अजून माहीत नव्हतं. बाईंची बोटं धावली. डोळ्यांपुढे धूसर झालं होतं, पण बोटांना डोळे लागत नाहीत. ‘आपण या परीक्षेत उत्तीर्ण झाला आहात. अभिनंदन.’

मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती स्क्रीनकडे बघतच राहिली, अक्षरं पुसली जातील म्हणून जणू पापणीही न हलवता. परीक्षकबाई हसल्या, काहीबाही म्हणाल्या, बाईंनी तेही टाइप केलं. मग परीक्षक गेले. आता टाइप करण्यासारखं कुणी काही बोलत नव्हतं.

पण बाईंना एक आवाज येत होता. दाबलेला, तोंडात पदर कोंबून काढल्यासारखा. त्यांनी कान देऊन ऐकलं. मग टाइप केलं, ‘तुझ्या मागे तुझी आई रडतेय.’

मुलगी वळली.